मुदतवाढ कुणाला?

शाहू स्टेडियमवरचा शेवटचा सामना संपला की कोल्हापुरात दुसरा खेळ सुरू होतो. पुढच्या वर्षी कोण राहणार आणि कोण जाणार, याचा. आमच्या शाहूपुरीत तो दुकानांच्या पायऱ्यांवर, चहाच्या गाड्यांभोवती, गॅरेजच्या दारात खेळला जातो. ‘त्याचे पाय आटले आता.’ ‘ह्याला सोडू नका.’ ‘त्या पोराला अजून एक वर्ष द्या.’ अशी वाक्ये आम्ही सहज बोलून जातो. त्या एकेका वाक्यात कुणाच्या तरी वर्षभराच्या भाकरीचा निकाल असतो.

हा करमणुकीचा विषय वाटतो, पण खेळणारी पोरे कुठल्या घरातली आहेत ते पाहावे. रिक्षावाल्याचा, गवंड्याचा, फळगाडीवाल्याचा मुलगा बारावीनंतर कॉलेज अर्धवट ठेवून चेंडूमागे लागतो. सुरुवातीला घरचे रागावतात. मग हातात चार पैसे येऊ लागले की तेच घर त्याची कमाई धरून हिशेब मांडते. बहिणीचे लग्न, वडिलांचे औषध, घराचे भाडे त्या हिशेबात शिरते. पंचविशीत संघाने ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हटले की नुसता खेळाडू बाहेर बसत नाही, सगळे घर बसते. म्हणून ‘मुदतवाढीला लायक कोण’ हा प्रश्न फुटबॉलच्या जाणकारांवर सोडून देता येत नाही. तो न्यायाचा प्रश्न आहे.

या प्रश्नातले शब्दच पाहा. करार, मुदत, लायक, हक्क हे सगळे अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि इथलेच झाले. मराठीत करार म्हणजे बोली, लिखापढी. आमच्या घरांतल्या उर्दूत करार म्हणजे चैन, स्वस्थता. ज्याला ती नाही तो बेकरार. दोन अर्थ एकमेकांपासून फार दूर नाहीत. करार झाला की दोन्ही बाजूंचा जीव ठिकाणावर येतो. एकाला उद्याची मजुरी ठाऊक असते, दुसऱ्याला उद्याचा माणूस. मुदत संपत आलेला खेळाडू जुन्या अर्थाने बेकरार असतो, आणि त्याला किती काळ तसे ठेवावे हे समोरच्याच्या हातात असते.

कोल्हापूरचा फुटबॉल वाढला तो मात्र कराराशिवाय. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा, जुना बुधवार ही आमच्या तालमींची नावे आहेत. तालीम म्हणजे आखाड्याची लाल माती, तालीम म्हणजे गणपती आणि तालीम म्हणजे मोहरमचे पंजेही. बाबूजमालसारख्या तालमीत हे दोन्ही बसतात आणि दोन्हींची सेवा करणारे हात एकच असतात. तिथले सभासदत्व गल्लीने मिळते. ते दरवर्षी कुणी नव्याने करून देत नाही आणि कुणी काढूनही घेत नाही. वाईट खेळला तरी पोरगा तालमीचाच. त्याची जागा कर्तृत्वावर ठरत नव्हती, म्हणून ती जाण्याची भीतीही नव्हती.

मग पैसा आला. बाहेरगावचे खेळाडू आले, आफ्रिकेतले आले. हंगामाआधीच्या नोंदणीला बाजाराची धग लागली. यात वाईट काही नाही; घाम गाळणाऱ्याला दाम मिळालाच पाहिजे. अडचण दुसरीच आहे. व्यवहार बदलला तरी भाषा जुनीच राहिली. खेळाडूला कमी पैशांत राखायचे असते तेव्हा त्याला ऐकवले जाते, ‘आपली तालीम आहे, पैशाचं काय बोलतोस?’ त्यालाच काढायचे असते तेव्हा म्हणतात, ‘आता व्यवहार झालाय बाबा, भावना बाजूला ठेव.’ दोन्ही वाक्ये एकाच तोंडची. खेळाडूंतही असे असतात. निष्ठेच्या गोष्टी सांगून एकाकडे उचल घ्यायची आणि नोंदणी दुसरीकडे करायची, हा त्याच नाण्याचा दुसरा छाप. नाते आणि व्यवहार दोन्ही चांगले आहेत. सोयीप्रमाणे एकाच्या जागी दुसरे पुढे करणे ही फसवणूक आहे.

जगातल्या मोठ्या क्लबांनी ही भाषा तरी साफ केली आहे. जागतिक महासंघ फिफाच्या नियमांप्रमाणे व्यावसायिक खेळाडूचा करार जास्तीत जास्त ५ वर्षांचा, १८ वर्षांखालील मुलाचा ३ वर्षांचा. शेवटचे ६ महिने उरले की खेळाडूला दुसऱ्या क्लबाशी बोलणी करून सही करता येते. पण ही मोकळीक फुकट मिळालेली नाही. इंग्लंडमध्ये पूर्वी मुदत संपली तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्या खिशातच राहायची. क्लब त्याला खेळवणार नाही आणि सोडणारही नाही, असे चालायचे. जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूच्या खटल्यात १९६३ साली तिथल्या न्यायालयाने ही पद्धत गैर ठरवली. पुढे बेल्जियमचा जाँ-मार्क बॉसमन. १९९० मध्ये त्याचा करार संपला, क्लबने नव्या करारात पगार पाव करून दाखवला आणि दुसरीकडे जायचे तर मोठी रक्कम मागितली. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की मुदत संपलेल्या खेळाडूसाठी अशी रक्कम मागता येणार नाही. त्या निकालावर पुढचे खेळाडू धनाढ्य झाले. बॉसमन स्वतः मात्र नंतर बेकारी आणि दारूशी झगडत राहिला.

या इतिहासातून एक गोष्ट उघड होते. मुदतवाढ हे बक्षीस आहे असे आपण समजतो, क्लब मात्र तसे समजत नाहीत. बॉसमननंतर कराराचे शेवटचे वर्ष उरलेला खेळाडू स्वस्तात जातो, मुदत संपल्यावर तर फुकट. म्हणून दोन वर्षे शिल्लक असतानाच क्लब करार वाढवून घेतो. पुष्कळदा खेळाडूला ठेवण्यासाठी नव्हे, त्याला चांगल्या किमतीत विकता यावे म्हणून. उलट बाजूला मेस्सी आहे. तेराव्या वर्षी बार्सिलोनात आलेला, वाढीच्या आजारावर तिथेच उपचार झालेला, क्लबला सगळे काही जिंकून दिलेला. ३० जून २०२१ ला त्याचा करार संपला. तो पगार निम्मा करायला तयार होता, क्लबलाही तो हवा होता. तरी स्पॅनिश लीगच्या खर्चमर्यादेत ते बसेना आणि ऑगस्टमध्ये त्याला रडत निरोप घ्यावा लागला. मेस्सी लायक नव्हता, असे कोण म्हणेल?

म्हणजे करार न वाढणे हा लायकीवरचा निवाडा नव्हे. ती पुढच्या हंगामाच्या गरजेची आणि ऐपतीची गोष्ट आहे. ठरवणाऱ्यांनाही पुढचे काही दिसत नसते. खालिद जमीलचे उदाहरण घ्या. तो खेळाडू नव्हे, प्रशिक्षक; पण मुदत त्यालाही असते. दुखापतींनी खेळ थांबल्यावर २००९ पासून सात वर्षे तो मुंबई एफसीचा प्रशिक्षक होता. २०१६ मध्ये दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. तो मिझोरामच्या ऐजॉलला गेला. पुढच्याच हंगामात, २०१६-१७ च्या आय-लीगमध्ये, ऐजॉल विजेता ठरला आणि मुंबई एफसी तळाला गेला. त्या विजेत्या संघात मुंबईचा जयेश राणेही होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये हाच खालिद जमील भारतीय संघाचा प्रशिक्षक झाला. मुंबई एफसीने अन्याय केला असे आम्ही म्हणत नाही. सात वर्षांनी बदल करावासा वाटणे साहजिक आहे. म्हणणे इतकेच, की ज्यांना पुढचे वर्ष दिसत नाही त्यांनी माणसाची किंमत ठरवल्याच्या थाटात बोलू नये.

मग निर्णय घ्यायचाच नाही का? घ्यावाच लागतो. संघात जागा मोजक्या असतात. पण आधी काही गोष्टी तपासाव्यात असे आम्हांस वाटते.

पहिली गोष्ट, त्याचे काम काय होते? आमची शाहूपुरी १८९५ पासूनची गुळाची पेठ. गुळाचा बाजार पुढे मार्केट यार्डात गेला, पण गुळाचे शहाणपण मागे राहिले आहे. गुऱ्हाळावरचा गुळव्या हंगामापुरता असतो. पुढच्या वर्षी त्याला बोलवायचे की नाही हे गुळाच्या रंगावर ठरते. पण रंग एकट्या गुळव्याच्या हातात नसतो. ऊस कुठल्या रानातला, पाऊस किती झाला, तोड केव्हा झाली, यावरही तो असतो. जाणता मालक कढईसोबत रानही पाहतो. बचावपटूने किती गोल खाल्ले हे मोजणारा प्रेक्षक फक्त ढेप पाहत असतो. मधल्या फळीने चेंडू गमावला, तो बचावपटूच्या खात्यावर चढला, असे प्रत्येक सामन्यात होते. आघाडीवाल्याचे गोल सगळ्यांना दिसतात. त्याच्यासाठी जागा मोकळी करून देणारा धावून धावून थकतो आणि मुदतीच्या दिवशी त्याच्या नावापुढे शून्य असते.

दुसरी गोष्ट, त्याला संधी किती मिळाली? कोल्हापूरकरांना शाहू महाराजांच्या घोड्यांची गोष्ट सांगावी लागत नाही. महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने मागासलेल्यांना ५० टक्के जागा राखल्या. त्यावर सांगलीच्या वकील अभ्यंकरांनी लायकीचा मुद्दा काढला, तेव्हा महाराजांनी त्यांना पागेत नेले, असे सांगतात. घोड्यांच्या तोंडाचे तोबरे सोडून सगळे हरभरे एका ठिकाणी टाकले. दांडगे घोडे खाऊन गेले, अशक्त आणि शिंगरे पाहत राहिली. राखीव खेळाडूंचा बाक म्हणजे तीच पागा. वर्षभरात ज्याला एकूण दीड तासही मैदान मिळाले नाही त्याच्याबद्दल ‘त्याने काही करून दाखवले नाही’ म्हणणे, हा हरभरे न मिळालेल्या शिंगराला अशक्त म्हणून काढून टाकण्याचा प्रकार आहे.

तिसरी गोष्ट, त्याची दुखापत कुणाच्या कामात झाली? ही सर्वांत कठीण. गुडघ्याचा लिगामेंट तुटला तर शस्त्रक्रिया, मग ६ ते ९ महिने मैदान बंद, आणि परतल्यावरही पाऊल आधीसारखे पडेल याचा भरवसा नाही. नेमकी त्याच वर्षी मुदत संपली तर? खेळाच्या हिशेबाने तो उपयोगाचा नाही. पण तो आमच्यासाठी पळताना पडला. फिफाच्या नियमांत एक शहाणी अट आहे: तपासणीत पास झालास तरच करार खरा, असे लिहून घेता येत नाही, शरीर तपासायचे ते सहीच्या आधी. म्हणजे सही झाल्यावर शरीराची जोखीम दोघांची. मुदत संपताच ती एकट्याची कशी होते? त्याची जागा दुसऱ्याला द्यावी लागली तरी त्याचा पाय बरा होईपर्यंतचा खर्च हे देणेच आहे. आमच्या घरांत हक्क आणि एहसान यांतला फरक मुलांना लहानपणापासून सांगतात. कामात जायबंदी झालेल्याचा उपचार हा त्याचा हक्क आहे. तो एहसान म्हणून, फोटो काढून दिला, की देणाऱ्याने दोनदा लुटले.

चौथी गोष्ट, दाराबाहेर कोण उभा आहे? कृतज्ञतेपोटी जुन्या खेळाडूला आणखी एक वर्ष, मग आणखी एक वर्ष दिले, की आपण उदार झालो असे वाटते. पण ते औदार्य सतरा-अठरा वर्षांच्या एका मुलाच्या खिशातून केलेले असते. त्याने अजून काही जिंकून दिलेले नसते, म्हणून त्याच्यासाठी रडणारे कुणी नसते. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जागा मिळाली, म्हणून २०१७ साली १७ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून उतरला. पुढे इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा असे संघ त्याने पाहिले. कुणीतरी जागा दिली नसती तर तोही आज पेठेतल्या गप्पांत ‘चांगला खेळायचा’ एवढाच उरला असता.

यावर कुणी म्हणेल, हे ठीक, पण एवढ्या तपासण्या करूनही शेवटी कुणाला तरी काढायचेच. मग फरक काय पडला? फरक असा, की गेलेल्या काळाचे देणे आणि येणाऱ्या काळाची गरज यांच्या दोन वह्या वेगळ्या होतात. आज आपण दोन्ही एकाच वहीत मांडतो. देणे फेडायला मुदतवाढ देतो, त्यात नव्या मुलाचा हक्क जातो. गरज संपली म्हणून मुदत देत नाही, त्यात जुन्याचे देणे बुडते. वह्या वेगळ्या ठेवल्या तर जागा गरजेप्रमाणे द्यावी आणि देणे दुसऱ्या वाटेने चुकते करावे, हे दोन्ही जमते.

ही दुसरी वाट पूर्वी होती. मुंबईत एअर इंडिया, आरसीएफ, सेंट्रल बँक अशा आस्थापनांचे संघ होते. खेळाडूला तिथे नोकरी मिळायची. पाय थकले की तो खेळ सोडून टेबलावर बसायचा आणि निवृत्तीपर्यंत पगार घ्यायचा. त्या फुटबॉलला आपण हौशी म्हणून हिणवले, पण खेळ आणि रोजी एकाच दिवशी संपत नव्हती. पुढे हे संघ विरत गेले. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेडसारखा संघसुद्धा २०१० साली बंद झाला. त्यांच्या जागी आलेल्या व्यावसायिक क्लबांचा पाया किती पक्का, ते २०२५ ने दाखवले. भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० च्या डिसेंबरात लीगच्या हक्कांसाठी १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला होता. तो ८ डिसेंबर २०२५ ला संपत होता आणि पुढचे काही ठरेना. जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा येणारा हंगाम अधांतरी ठेवला गेला, आणि ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने पहिल्या संघातील खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे पगार थांबवत असल्याचे जाहीर केले. खेळाडूंच्या हातातल्या करारांची मुदत शिल्लक होती. वरच्यांच्या कराराची मुदतवाढ अडली होती. मोठ्यांनी वेळेवर ठरवले नाही आणि बेकरार झाले ते खालचे.

अशा वेळी करार काटेकोर पाळून घेणाऱ्या खेळाडूला लोभी म्हणण्याची आपली सवयही तपासावी. हॉलंडचा विन्स्टन बोगार्ड २००० साली चेल्सीत आला. क्लबला तो लगेच नकोसा झाला. त्याने मात्र २००४ पर्यंतची मुदत बसून पुरी केली, चार वर्षांत जेमतेम डझनभर सामने खेळला, आणि जगभर त्याची टिंगल झाली. तो रोज सरावाला हजर असे. कागदावर जे लिहिले होते तेवढेच त्याने घेतले. सही दोघांची होती. हसे एकट्याचे झाले. क्लबने मुदत संपल्याचे बोट दाखवून खेळाडूला काढले तर तो व्यवहार, आणि खेळाडूने मुदत उरल्याचे बोट दाखवून पगार घेतला तर ती हाव, हा न्याय एका डोळ्याचा आहे.

मग आमच्या तालमींनी आणि मंडळांनी काय करावे? परदेशाकडे पाहण्याची गरज नाही, पंचगंगेकाठचे साखर कारखाने पाहावेत. तिथला हंगामी कामगार गाळप संपल्यावर घरी जातो, पण बंद काळातही त्याला पगाराचा काही भाग मिळतो. त्याला रिटेन्शन म्हणतात. तो पैसा म्हणजे एक निरोप असतो: पुढच्या हंगामात ये, जागा तुझी आहे. ज्याला ठेवायचे आहे त्या खेळाडूला असाच निरोप हंगाम संपतानाच द्यावा. ज्याला ठेवायचे नाही त्यालाही तेव्हाच, समोर बसवून, खरे कारण सांगून कळवावे. बाकीच्या संघांची जुळवाजुळव होईपर्यंत ‘बघू’ म्हणत ताटकळत ठेवले, की त्याची दुसरी दारेही बंद होतात. नकार देण्याचा हक्क संघाला आहे. माणसाचा वेळ खाण्याचा नाही. आणि जे ठरेल ते कागदावर असावे: रक्कम, मुदत, दुखापत झाल्यास उपचार कोण करणार. नात्यात कागद कशाला, असे म्हणणाऱ्यांना सांगावे की कागद नात्याविरुद्ध नसतो. कागद असला तर नात्याला खोटे बोलावे लागत नाही.

राहिले आम्ही, कडेला उभे राहून ओरडणारे. आम्ही कुणाला पगार देत नाही, पण समितीच्या कानावर आमचाच आवाज आधी पडतो. ‘लायक नाही’ आणि ‘यंदा गरज नाही’ या दोन वाक्यांत फक्त शब्दांचा फरक नाही. पहिले वाक्य घेऊन पोरगा घरी गेला तर तो बापासमोर मान वर करत नाही. दुसरे घेऊन गेला तर चार दिवस रुसतो, आणि पाचव्या दिवशी दुसऱ्या तालमीच्या दारात किंवा पुन्हा कामाच्या शोधात उभा राहतो. मुदत कराराची संपते. माणसाची संपली, असे बोलण्याचा अधिकार आम्हांला कुणी दिलेला नाही.